समोरचं पत्र

"हा माणूस कोण, तेवढं मला शोधून दे," असं म्हणत दादाने शर्टाच्या खिशातून एक कात्रण काढलं आणि माझ्या टेबलावर, चहाच्या कपाला टेकवून ठेवलं. कात्रणाला चार घड्या होत्या आणि घड्यांवरची अक्षरं पुसट झाली होती, म्हणजे ते बरेचदा उघडून मिटलेलं होतं. मी ते हातात घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारचं आमचं पान, डावीकडचा मधला मजकूर, वर शीर्षक 'बटण दाबायला माणूस कशाला?', खाली सही 'एक करदाता' आणि त्याखाली बारीक टाइपात 'लेखकाचे नाव व पत्ता कार्यालयात नोंदवलेला आहे'. दादाने त्याच ओळीवर बोट ठेवलं. "नोंद असते ना तुमच्याकडे? इथे छापलंय तसं." मी म्हणालो, असते. मग म्हणालो, शोधावी लागेल. मग उगाचच ड्रॉवर उघडला आणि आतल्या टाचण्यांच्या डबीकडे बघत बसलो, कारण ते पत्र मी लिहिलं होतं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तो एकतीस वर्षं लिफ्टमन आहे, आणि ते पत्र लिफ्टमन नकोत असं म्हणणारं होतं.

मी एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान बघतो. तेवीस वर्षं झाली. लोकांना काय वाटतं हे निवडणं, कापणं आणि त्याला मथळा देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. लोकांना वाटतं मोबाइलने मुलं बिघडली. लोकांना वाटतं मोबाइल होता म्हणून म्हातारपण सुसह्य झालं. दहा तास राबल्याशिवाय देश पुढे जायचा नाही असं वाटतं, आणि दहा तास राबणाऱ्याच्या घरी जाऊन एकदा त्याचं तोंड बघा असंही वाटतं. चौकात कॅमेरे हवेत, कॅमेरे नकोत, शेजारच्या देशाला कायमचा धडा शिकवा, युद्धाने कुणाचं भलं झालंय. मी या पानावर लागलो तेव्हा ते बघणारे एक गृहस्थ होते, ज्यांना सगळे पाठीमागे म्हातारबुवा म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं की पानाला दोन पारडी हवीत. उजवीकडे बाजूने बोलणारं पत्र असलं तर डावीकडे, बरोबर समोर, विरोधातलं पाहिजे. "आणि विरोधातलं आलंच नाही तर?" मी विचारलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "मग घरचं घालायचं." घरचं म्हणजे आपणच लिहायचं आणि खाली 'एक पालक', 'एक त्रस्त प्रवासी' असलं काहीतरी टाकायचं. पहिलं घरचं पत्र लिहिलं तेव्हा मी लाजलो होतो. दुसऱ्याला मजा आली. पुढे पुढे माझ्या डोक्यात पाच-सहा माणसं कायमची राहायलाच आली: एक निवृत्त मास्तर, एक नोकरी करणारी आई, एक तडफदार तरुण, एक दुकानदार आणि हा करदाता. प्रत्येकाची भाषा वेगळी, चिडायची तऱ्हा वेगळी. कुठल्याही विषयावर त्यांना मत असायचं, आणि ते अगदी ठाम असायचं. मला मात्र कुणी काही विचारलं की मी म्हणायचो, दोन्ही बाजू आहेत. बायको सुरुवातीला याला समंजसपणा म्हणायची. नंतर तिने विचारणंच सोडलं. पडद्याचा रंग असो की तिच्या आजारपणात ऑपरेशन करायचं की थांबायचं असो, तिचं ती ठरवू लागली.

या पानाचा सगळ्यात निष्ठावान वाचक दादा. रविवारी त्याची ड्यूटी असली की लिफ्टमध्ये स्टुलावर बसून, दोन फेऱ्यांच्या मध्ये, तो पहिलं पत्रांचं पान उघडतो. मला फोन करून सांगतो, "त्या मास्तरांचं पटलं बुवा." मास्तर म्हणजे मीच. सुरुवातीला मला हसू यायचं, एकदा तर मी हे ऑफिसात सांगून सगळ्यांना हसवलंही होतं. मास्तरांनी मोबाइलविरुद्ध लिहिलं म्हणून दादाने दोन वर्षं मोबाइल घेतला नाही, आणि हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या फोनवर निरोप ठेवायला लागायचे. हे चालून गेलं. पण पुतणीला बारावीनंतर संगणकावर चित्रं करायचं शिकायचं होतं, तेव्हा दादाने तिच्यापुढे एक कात्रण ठेवलं. ही कामं उद्या यंत्रं करतील, मुलांनो, हातात राहील असं काही शिका, असं एका पालकाने पोटतिडकीने लिहिलेलं. तो पालकही मीच होतो, आणि त्या आठवड्यात मला दीडशे शब्दांची जागा भरायची होती एवढंच त्या पोटतिडकीचं कारण. पुतणी औषधं बनवायच्या कारखान्यात लागली. दूरच्या शहरात असते. बापाला फोन करते, पण हवापाण्याचं बोलते आणि ठेवते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला वाटलं, दोन्ही बाजू आहेत.

"भांडायचं नाही रे मला त्याच्याशी," दादा म्हणाला. माझ्या समोरच्या खुर्चीवर तो बसला नव्हता. मी दोनदा म्हटलं तरी उभाच होता. "माणूस जाणकार आहे. येऊन गेलेला आहे आपल्याकडे. हे वाच." त्याने पुसट झालेली ओळ न बघताच म्हणून दाखवली: "'दुपारी दोन ते चार या वेळेत लिफ्टमन स्टुलावर बसून, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन डुलक्या काढताना दिसतात.' बघ. हे बघितल्याशिवाय कुणी लिहील का? माझ्यासमोर उभा राहिला असणार तो. मी झोपलेला, आणि हा बघतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता मी लिफ्टमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाकडे बघतो. वाटतं, हाच असेल. परवा एक चष्मेवाले होते, त्यांना विचारणारच होतो, पण त्यांची बायको आयसीयूत होती." मी विचारलं, भेटून करणार काय? तो म्हणाला, "सांगणार, की स्टूल मी बाहेर काढून ठेवलंय." मला हे कळायला थोडा वेळ लागला. स्टूल त्याने खरंच बाहेर काढलं होतं. पंधरा दिवस तो लिफ्टमध्ये आठ तास उभा होता. आमच्या मागच्या टेबलावरून कुणीतरी मला विचारलं, पान छपाईला किती वाजता सोडतोस, आणि मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, पाचला.

त्या डुलकीचं मला कुणी सांगितलं होतं? दादानेच. माझ्या घरी, सोफ्यावर, हसत हसत. दुपारी डॉक्टर लोक जेवायला जातात, भेटायची वेळ बंद असते, लिफ्ट दहा-दहा मिनिटं हलत नाही, मग पेपर तोंडावर घेऊन मी जरा पडी टाकतो, म्हणजे कुणी बघितलंच तर वाचतोय असं वाटावं. आम्ही सगळे हसलो होतो. मी ते कुठेतरी ठेवून दिलं. मी सगळं कुठेतरी ठेवून देतो. पुढे हॉस्पिटलने जाहीर केलं की नव्या, आपोआप चालणाऱ्या लिफ्ट येणार, चारही लिफ्टमनना तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत पाठवायचं का याचा विचार चालू आहे, लोकांनी आपली मतं कळवावीत. आमच्याकडे पाच पत्रं आली, आणि पाचही लिफ्टमन राहू द्या असं म्हणणारी. एका बाईने लिहिलं होतं, लिफ्टमनने न विचारता मला बरोबर वॉर्डात पोचवलं, मला तेव्हा बोलताही येत नव्हतं. ते पत्र दादाबद्दलच असेल, कुणास ठाऊक. त्यातली दोन मी उजवीकडे लावली. समोर काही नव्हतं. गुरुवारची दुपार, चहा आलेला. दादा मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. आला आणि मी स्वतःला म्हणालो, हे वाचून कुठे कुणी निर्णय घेतं. अकरा मिनिटांत पत्र झालं. वाचून बघितलं तर जरा पोकळ वाटलं. असा एखादा बारीक तपशील घातला की पत्र खरं वाटतं, हे मीच ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलींना शिकवतो. तोंडावरचं वर्तमानपत्र मी तिथे घातलं आणि मला बरं वाटलं. काम चांगलं झाल्यावर वाटतं तसं अगदी साधं बरं.

हॉस्पिटलच्या पुढच्या नोटिशीला ते पत्र जोडलेलं होतं. 'वर्तमानपत्रातूनही नागरिकांनी नाराजी व्यक्त केली आहे,' असं त्यात होतं. नागरिकांनी! रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. वहिनी सहसा मला फोन करत नाही. केला तर आधी सगळ्यांची चौकशी करते, मग मुद्द्यावर येते. त्या दिवशी सरळ म्हणाली, "भाऊजी, तुम्ही यांना समजवा. पाय बघा येऊन. घरी आले की बादलीत गरम पाणी घालून बसतात, आणि त्या कागदाशी बोलतात." मी म्हटलं, बोलतात म्हणजे? "म्हणजे बोलतात हो. 'तुमचं बरोबर आहे साहेब' म्हणतात. मी म्हटलं कोण साहेब, तर म्हणे तुला नाही कळायचं. तुमच्या पेपरातलं आहे ना ते? मग तुम्हीच काय ते बघा." तिच्या आवाजात राग नव्हता. मी पेपरात आहे म्हणजे हे मला निस्तरता येईल, असा तिचा विश्वास होता, आणि तो मला रागापेक्षा वाईट वाटला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. समोरच्या इमारतीत एक माणूस खिडकीची काच पुसत होता. मला वाटलं, मी हलकट आहे. पहिल्यांदाच कुठल्यातरी बाबतीत मला असं स्वच्छ काहीतरी वाटलं, आणि त्याला दुसरी बाजू सापडेना.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगायचंच ठरवून गेलो. हॉस्पिटलात शिरलं की फिनेलचा वास, आणि त्याखाली ओल्या चादरींचा. लिफ्टच्या बाहेर, भिंतीला लावून, स्टूल होतं. त्यावर कुणाच्यातरी एक्स-रेचं पाकीट. दादा आत उभा, एक हात जाळीच्या दरवाजावर. मला बघून त्याने नुसती मान हलवली. कामावर असताना तो मला ओळख दाखवत नाही, पहिल्यापासून. मी चार वेळा वर-खाली केलं. त्याच्या पँटच्या पायातून घोट्याची सूज दिसत होती. एका म्हातारीला त्याने विचारलं, "डोळ्यांचं ना? दुसरा." म्हातारी म्हणाली, तुला कसं कळलं रे बाबा. दादाने उत्तर दिलं नाही. पूर्वी दिलं असतं. मग त्याची जेवणाची सुट्टी झाली आणि आम्ही मागच्या जिन्यावर गेलो. तिथे तरी तो बसला, आणि बसताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून मी एका दमात म्हणालो, "दादा, ते पत्र मी लिहिलंय."

तो माझ्याकडे वळला. मग हसला. अगदी प्रेमाने हसला. "तुझ्या वहिनीने फोन केला होता ना तुला?" मी म्हटलं, केला होता, पण पत्र मीच लिहिलंय, आमच्याकडे अशी पद्धत आहे, समोरच्या बाजूचं आलं नाही की आम्हीच लिहितो. त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "पुरे. माझी समजूत काढायला एवढा उपद्व्याप नको. तू लिहिलंस म्हणे! अरे, लहानपणी आईने भाजी कुठली करू विचारलं तर तू म्हणायचास दादाला विचार. त्या माणसाचं एकेक वाक्य बघ. ठणठणीत. तुझं असं कशाबद्दल तरी मत आहे का?" मी म्हणालो, मत नाहीच, मत नसताना लिहिलं. तो म्हणाला, "मत नसताना कुणी असं लिहितं का? काहीही बोलतोस." माझ्याजवळ पुरावा नव्हता. शपथ घेता आली असती, घेतली नाही. खरं सांगायचं तर त्याने विश्वास ठेवला नाही याने मला आत कुठेतरी हायसं वाटलं, आणि तेही त्याच क्षणी मला कळलं. मग त्याने खिशातून एक कागद काढला. हॉस्पिटलच्या छापील फॉर्मच्या पाठीवर, पेन दाबून दाबून लिहिलेला. "तो माणूस भेटेल न भेटेल. हे छाप. आयुष्यात पहिलं पत्र लिहिलंय पेपराला. जास्त कापू नकोस."

पत्रात लिहिलं होतं: 'मी एकतीस वर्षे लिफ्ट चालवतो. एक करदाता यांचे पत्र मी अनेकदा वाचले. ते बरोबर बोलतात. बटण कोणालाही दाबता येते. मी दुपारी झोपत असे, हेही खरे आहे. इतकी वर्षे मला वाटत होते की मी काही काम करतो. विचार केला तेव्हा कळले की लिफ्टच काम करत होती, मी फक्त तिच्या आत होतो. नवीन लिफ्ट जरूर आणाव्यात.' आणि खाली, कुणा खऱ्या माणसाची असते तशी पूर्ण, स्वच्छ सही, हुद्दा आणि पत्ता.

मी ते दडपणार होतो. शुक्रवारपर्यंत दडपलंही. पण तो शहाणा माणूस, त्याने एक प्रत टपालानेही टाकलेली. ती आमच्या संपादक बाईंच्या हातात पडली. बाई उभ्या राहूनच वाचत होत्या. "हे बघितलंस का? सोनं आहे. लिफ्टमन स्वतः म्हणतोय!" माझं आडनाव आणि त्याचं आडनाव एकच, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. पत्र चौकटीत, वर, उजवीकडे, एक शब्दही न कापता घ्यायचं ठरलं. "आणि समोर?" बाईंनी विचारलं. "त्याच्या विरोधात काही?" मागच्या पाच पत्रांतली उरलेली तीन मी त्याच आठवड्यात, जागा भरली म्हणून, नेहमीप्रमाणे फाडून टाकली होती. मी म्हणालो, मी लिहितो.  तेवीस वर्षांत पहिल्यांदाच मला जे लिहायचं होतं ते मला वाटत होतं.

मी लिहायला बसलो. 'यंत्राला माणसाची ओळख नसते' असं लिहिलं आणि आठवलं, हे मी बँकेच्या खिडक्या बंद झाल्या तेव्हा दुकानदाराच्या तोंडी घातलंय. 'माणुसकीचा हात' तिकीटघरासाठी वापरलेला. 'उद्या आपलीही पाळी येईल' तडफदार तरुणाने दोनदा म्हटलेलं. जे वाक्य मनातून वर येई ते कुणाचं तरी उष्टं असे, आणि तो कुणीतरी मीच असे. मग मी मतं बाजूला ठेवून आई गेली तो दिवस लिहायला घेतला. ती त्याच हॉस्पिटलात गेली, आणि दादा ड्यूटीवर होता. चौथ्या मजल्यावरून तळघरातल्या शवागाराकडे आईला त्यानेच नेलं. ती जुनी लिफ्ट कधी चार बोटं वर थांबते, कधी खाली, आणि स्ट्रेचरचं चाक आदळतं. तळघराशी आल्यावर दादाने ती हळूहळू, जरा वर, जरा खाली करत, जमिनीशी अशी सपाट आणली की चाकं नुसती सरकली. "आईला हिसका बसू दिला नाही," एवढंच तो त्या दिवशी बोलला. हे मी लिहून काढलं. लिहून झाल्यावर बघतो तर खाली माझ्या हाताने आपसूक सही केली होती: 'एक नातेवाईक'. वर वाचून बघितलं. चांगलं जमलं होतं. बारीक तपशील होता, त्यामुळे खरं वाटत होतं.  मी ते पुसून टाकलं.

बाई घड्याळ दाखवून गेल्या. मग परत येऊन म्हणाल्या, "अडलंय का? त्या मशीनला सांग ना, चार सेकंदांत देतं." मजकूर लिहून देणारा नवा प्रोग्रॅम सगळ्यांच्या संगणकावर होताच. मी सांगितलं. त्याने दिलं. दीडशे शब्द, उत्तम, माझ्यासारखेच. दुकानदार, मास्तर आणि ती नोकरी करणारी आई तिघं मिळून बोलत होती. दोन बटणं दाबली असती तर ते दादाच्या समोरच्या जागेत जाऊन बसलं असतं. पण मला वाटलं, निदान दादाच्या पत्रासमोर तरी खोटं ठेवायचं नाही. एवढं एक तरी मी नीट करीन. बाईंना म्हणालो, विरोधातलं काही आलेलं नाही, आणि आज घरचं नको. त्यांनी खांदे उडवले. त्या जागेत गाद्यांची जाहिरात गेली. त्या दिवशी घरी जाताना मला जवळजवळ अभिमान वाटत होता.

रविवारी दुपारी मी हॉस्पिटलात गेलो. दादा लिफ्टमध्ये उभा होता आणि एकटा होता. बाकीचे तिघे लिफ्टमन सकाळपासून त्याच्याशी बोलत नव्हते, हे त्याने दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं. पेपर त्याने काखेत धरला होता. त्याने जाळी ओढली, आम्ही वर जाऊ लागलो. 

"चौकटीत घेतलंस," तो म्हणाला.

"बाईंनी घेतलं."

"कापलं नाहीस काही."

"नाही."

"तुमच्याकडे समोर एक विरोधातलं असतं ना नेहमी?" त्याने पान उघडलं आणि जाहिरातीत गादीवर पहुडलेल्या बाईवर बोट ठेवलं. "माझ्या समोर नाहीये."

"नाही."

"म्हणजे आलंच नाही?"

मी त्याच्याकडे बघितलं. खरं बोलायचं मी ठरवलेलं होतं, आणि ते खरंच होतं. "नाही आलं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पेपरची घडी घातली, पुन्हा एकदा घातली, आणि काखेत धरली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, एखादं तरी येईल." मग लिफ्ट पाचव्यावर आली, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला जाळी उघडून देताना दादाने त्याला कुठे जायचंय ते विचारलं नाही, तो बाजूला सरकला, आणि बटण त्या माणसाला दाबू दिलं.